घोडं पेंड खातंय

घोड्याला उलटी होत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की एकदा आत गेलेला घास त्या वाटेने परत येणं जवळपास अशक्य. ढेकरही नाही. निसर्गाने या प्राण्याला वेग दिला, आयाळ दिली, वर बसलेला कुठलाही किरकोळ इसम दोन मिनिटं तरी सरदार वाटावा अशी मान दिली; एवढं सगळं देताना एक साधी ढेकर तेवढी द्यायची राहून गेली. पंगतीत चार घास जास्त झाले की आपण चिमूटभर ओवा चघळतो, धोतराची किंवा पँटची गाठ सैल करतो, मोठ्याने ढेकर देतो आणि मठ्ठ्याची वाट बघतो. घोड्याला चार घास जास्त झाले तर सलोत्री बोलवावा लागतो, आणि तो येईपर्यंत घरातलं कोणी झोपत नाही.

घोड्यावर बसून पुतळा झालेली माणसं गावोगाव आहेत. त्या घोड्यांचा एक पाय वर, नाकपुड्या फुगलेल्या, शेपूट वाऱ्यावर. त्या पुतळ्याकडे बघताना एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही, की जगात पोटाच्या दृष्टीने पूर्ण निश्चिंत असलेला घोडा तो एकच. कारण तो आतून पोकळ असतो.

साठी उलटेपर्यंत मला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून माझं काही अडलंही नव्हतं. मग आम्ही केलगेरीला राहायला आलो, आणि शेजारी घोडी निघाली.

केलगेरी म्हणजे धारवाडच्या पश्चिमेला, गोव्याच्या रस्त्याला. एकेकाळचं वेगळं गाव, आता शहराने पोटात घेतलेलं. इथलं तळं प्रसिद्ध. धारवाड आधी मुंबई इलाख्यात, मग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. आमच्यासारखी मराठी घरं त्याच्याही आधीपासून इथे आहेत. बाजारात कन्नड, देवघरात मराठी आणि भांडताना जी आधी सुचेल ती. तळ्याकाठी सकाळी फिरणाऱ्यांत पेन्शनरांचा भरणा. राजकारण, क्रिकेट आणि मुलांचे अमेरिकेतले पगार हे विषय पहिल्या वळणापर्यंत संपतात. पुढचा सगळा वेळ पोट. कुणाला त्रिफळा लागू पडतो, कुणाला इसबगोल, कुणी पहाटे तांब्याभर कोमट पाणी पितो आणि त्याचा निकाल पुढच्या बाकावर जाहीर करतो. या शास्त्रार्थानंतर सगळी मंडळी गाड्यावर जाऊन मिरची भजी आणि गिरमिट खातात, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा विषय तयार.

शेजारचे मामा या चर्चेत कधी भाग घेत नाहीत. ते घोडीला घेऊन लांबून जातात. वरातीला घोडी भाड्याने द्यायची हा त्यांचा व्यवसाय. तिचं नाव चंद्री. पहिल्या आठवड्यात मी सहज विचारलं, ‘‘काय मामा, बरं आहे ना?’’

‘‘बरं हाय की रीऽ सर. सकाळधरनं चारदा टाकली.’’

मला वाटलं, पत्त्यांचा डाव असेल. ते लीद म्हणत होते. धडधाकट घोडं दिवसाकाठी आठ-दहा वेळा लीद टाकतं, आणि घोडेवाला माणूस बोटावर ती मोजतो. किती वेळा, किती मोठी, ओली की कोरडी, गोळे जमिनीवर पडून फुटले की तसेच राहिले, रंग काय. आमच्या घरी मुंजीत मिळालेल्या चांदीच्या भांड्यांचासुद्धा इतका काटेकोर हिशेब कधी ठेवला गेला नाही. तळ्याकाठची मंडळी स्वतःच्या बाबतीत जे करतात तेच मामा दुसऱ्याच्या बाबतीत करतात, म्हणून मला ते अधिक उदार वाटतात.

आता थोडं शरीरशास्त्र सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चारशे-पाचशे किलोच्या या धुडाचं जठर असतं जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. गाईची गोष्ट वेगळी. तिच्या पोटाला चार कप्पे, ती गवत भरून ठेवते आणि मग झाडाखाली बसून निवांत रवंथ करते. घोड्याला रवंथ नाही, म्हणून त्याला थोडं थोडं, पण सतत खावं लागतं. मोकळ्या रानात घोडं दिवसाचे चौदा-सोळा तास चरतं. शिवाय त्याच्या जठरात आम्ल अष्टौप्रहर झिरपत असतं, खायला असो वा नसो. आणि त्या आम्लाला आवर घालणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. दिवसाला तीस-चाळीस लिटर. म्हणजे तोंड थांबलं की पोट जळायला लागलं. आमच्या ओळखीत काही वक्ते असे आहेत, पण त्यांचं कारण दुसरं असावं.

जठरापुढे साधारण सत्तर फुटांचं लहान आतडं. त्याच्यापुढे खरा कारखाना: आंधळं आतडं, म्हणजे वैद्यक ज्याला उंडुक म्हणतं ते. माणसात त्याला दवाखान्यात जाईपर्यंत कुणी ओळखत नाही. घोड्यात ते तीन-साडेतीन फूट लांब आणि पंचवीस-तीस लिटरचं. जुन्या वाड्यातलं धान्याचं पेव जसं वरच्या एकाच तोंडाने भरायचं आणि त्याच अंगाने उपसायचं, तसा इथे माल आत जायचा रस्ता आणि बाहेर यायचा रस्ता दोन्ही वरच्याच टोकाला, शेजारी शेजारी. पुढे मोठं आतडं, दहा-बारा फुटांचं, आणि ते जागा पुरेना म्हणून घड्या घालून बसवलेलं. एका घडीवर ते वीतभर रुंदीवरून एकदम अरुंद होतं आणि उलटं वळतं. कुठल्या इंजिनिअरने हे पास केलं असेल ते देव जाणे. पाणी कमी पडलं, चारा कोरडा पडला, की बोळा नेमका तिथे अडकतो. ‘घोडं कुठे पेंड खातंय’ असं आपण फाइल अडली की म्हणतो. खऱ्या घोड्याच्या बाबतीत उत्तर बहुतेकदा हेच: डाव्या कुशीत, वळणावर.

या कारखान्यातले कामगार म्हणजे अब्जावधी जंतू. गवताचा काष्ठभाग घोड्याला स्वतःला पचत नाही. हे जंतू तो कुजवतात आणि त्यातून निघालेल्या सत्त्वावर घोडं पळतं. त्यांची युनियन अत्यंत कडक. ज्या चाऱ्याची सवय आहे त्यात बदल करायचा तर आठ-दहा दिवस आधीपासून थोडा थोडा करायचा. एकदम नवा माल आला तर जुने कामगार मरतात, नवे तयार नसतात, मधल्या मध्ये आम्ल आणि वायू माजतो. घोडं पोटाकडे वळून वळून बघतं, पुढच्या पायाने जमीन उकरतं, घामाघूम होतं, लोळतं. याला पोटशूळ म्हणतात. आणि गंमत म्हणजे, धान्य जास्त झालं तर बिघाड पोटात होतो आणि घोडं लंगडतं पायाने. आतड्यातलं विष रक्तातून खुरांपर्यंत पोचतं. पोटाचं दुखणं टाचेत काढणारा दुसरा प्राणी मला माहीत नाही.

पोटाला कान लावून ऐकणं ही मामांची रोजची पूजा. कुशीत गुडगुड, खळखळ, मधूनच लांबवर ढग गडगडल्यासारखं व्हायला हवं. शांतता वाईट. मीही एकदा कान लावला. मामा म्हणाले, ‘‘आईकलं न्हवं? गाणं हाय ते.’’ धारवाडात गाण्याबद्दल कुणी असं सहज बोलत नाही. हे मल्लिकार्जुन मन्सूर आणि बसवराज राजगुरू यांचं गाव. पण मामांच्या चेहऱ्यावरची तृप्ती मैफलीतल्या पहिल्या रांगेतलीच होती. चंद्रीने त्याच वेळी मागच्या बाजूने समेवर येऊन दाद घेतली, तेव्हा मी नाकाला रुमाल लावला आणि मामा हसले. वायू सरणं हे घोड्याच्या बाबतीत शुभवर्तमान असतं. आपल्याकडे माणसाला ही सवलत वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंतच मिळते.

एवढ्या नाजूक पोटाचा प्राणी पाळून माणसाने साम्राज्यं उभी केली, हा धाडसाचा कळस. कौटिल्याने अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षासाठी वेगळा अध्याय लिहिला आहे आणि त्यात उत्तम घोड्याची रोजची चंदी नेमून दिली आहे. दोन द्रोण धान्य, भिजवलेलं किंवा शिजवलेलं. एक प्रस्थ तेल, पाच पल मीठ. इथपर्यंत ठीक. पुढे पन्नास पल मांस, वर कालवायला रस्सा किंवा दही, आणि शेवटी भूक लागावी म्हणून पाच पल साखरेसह एक प्रस्थ दारू, नाहीतर दुप्पट दूध. हा आहार वाचून मी तो मामांना मोठ्या आवाजात सांगितला. मामा बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘सर, हे घोड्याचं न्हाई, वरातीतल्या पावण्यांचं लिवलंय.’’ मार्को पोलोलाही दक्षिणेत लोक घोड्यांना मांस घालून शिजवलेला भात देताना दिसले, आणि घोडे फार मरतात, त्यांची निगा जाणणारं कोणी नाही, असंही त्याने लिहून ठेवलं.

मग घोडे मरायचे आणि नवे यायचे. समुद्रापलीकडून, होर्मुझहून, जहाजांनी. पश्चिम किनाऱ्यावर उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे. फर्नाओ नुनीझ हा पोर्तुगीज स्वतः घोड्यांचा व्यापारी. त्याने सोळाव्या शतकात विजयनगरचा इतिहास लिहिला. त्यात तो सांगतो, तिथला राजा साळुव नरसिंह याला घोड्यांची इतकी निकड होती, की तो मेलेल्या घोड्याचेही पैसे देई. वाटेत समुद्रात घोडा मेला तर व्यापाऱ्याने फक्त शेपूट कापून आणायचं, ते दाखवलं की जिवंत घोड्याचा दर. एका बाजूला शेपटीवर मोजले जाणारे घोडे आणि दुसऱ्या बाजूला आमचे मामा, जे शेपटीखालून काय पडतं ते मोजतात. व्यापारी आणि घोडेवाला यांत फरक तेवढाच.

मराठ्यांनी दारू-मांसाच्या फंदात न पडता दाणा, वैरण आणि ऋतू यांकडे लक्ष दिलं. सभासदाच्या बखरीत पागेची व्यवस्था दिली आहे: पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाण्यासाठी खास माणूस, हे बघा. घोडं दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितं, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही. आणि पाणी हेच त्याच्या पोटाचं पहिलं औषध. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत, तिथे दाणा, वैरण, औषधं आधीच भरून ठेवलेली, घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरं. दसरा झाला की पुन्हा मोहीम. शस्त्रं पाजळायच्या दिवशी घोड्याचीही पूजा होते, त्यामागे चार महिने कोणीतरी त्याची लीद बघत बसलेला असतो. बखरीत त्याचं नाव नाही.

आणि मग ते पत्र. चिपळूणजवळच्या दळवटण्याला लष्कराची छावणी होती, राज्याभिषेकाच्या सुमाराची गोष्ट. शिवाजी महाराजांनी तिथल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. त्यात शौर्य, धर्म, राज्य असलं काही नाही; त्यात दाणा आहे, वैरण आहे आणि उंदीर आहे. पावसाळ्यापुरता साठा करून ठेवला आहे, आत्ताच हातचं न राखता उधळाल तर ऐन पावसाळ्यात मिळेनासा होईल, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही रयतेच्या दाण्या-भाजीला हात घालाल आणि तिला मोगल बरा वाटू लागेल. पुढे आणखी: कोणी आगट्या पेटवील, कोणी चिलमी ओढील, कोणी दिवा तसाच ठेवून निजेल, उंदीर पेटती वात पळवील, गवताला आग लागेल. एका छत्रपतीने उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करावा! घोडा पाळणाऱ्याला झोप का लागत नाही, हे मला ते पत्र वाचल्यावर पटलं. मामांच्या गंजीजवळ आमच्या जावयाने सिगारेट पेटवली होती, तेव्हा मामा जे बोलले त्याला ऐतिहासिक आधार होता.

कारण पावसाळा हा खरा दगाबाज. जूनमध्ये तळ्याच्या काठाने कोवळं गवत उगवतं, लुसलुशीत, हिरवंगार. आपल्याला कवितेची ओळ सुचते, घोडेवाल्याला घाम फुटतो. वर्षभर कोरडा कडबा चघळलेलं घोडं त्या हिरव्यावर तुटून पडलं की संध्याकाळी पोट नगाऱ्यासारखं. मामा चंद्रीला पहिल्या दिवशी पाव तास चारतात, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, आणि चारायला नेण्याआधी तिच्या पोटात मूठभर नव्हे, भरपूर कोरडी वैरण गेलेली असते. शाळेत नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात लवकर सोडतात तसला प्रकार. दुसरं संकट बुरशी. घरात लोणच्याला लागते ती कळते. कडब्याच्या पेंढीत आत लागलेली कळत नाही. मामा पेंढी सोडतात, झटकतात, तोंडाजवळ धरून वास घेतात. शेंगदाण्याची पेंड पावसाळ्यात ते घेतच नाहीत. दुकानदार म्हणतो, बैलं खातात की. मामा म्हणतात, बैलाला चार पोटं हैत, एक गेलं तर तीन ऱ्हातात. शास्त्रदृष्ट्या हे बरोबर नाही. पण दुकानदार गप्प बसतो.

जंतही याच दिवसांत. त्यासाठी वर्षातून ठरलेल्या वेळी औषध, आणि दातांसाठी कानस. घोड्याचे दात झिजत आणि वाढत राहतात, कडांना धार येते, मग गवत नीट चावलं जात नाही आणि अर्धवट चावलेले बोळे गळून पडतात. डॉक्टर येऊन कानशीने दात घासतात. चंद्री त्या दिवशी आख्ख्या गल्लीवर रागावते.

थंडीत निराळीच चिंता. धारवाडची थंडी काही काश्मीरची नाही, पण डिसेंबरच्या पहाटे हौदातलं पाणी दातांना कळ आणतं, आणि चंद्री ते नुसतं हुंगून तोंड फिरवते. पाणी कमी, चारा कोरडा, की ते वळण आठवा. मग मामा पाणी कोमट करून देतात, चंदीत मीठ घालतात, हुलगे रात्रभर भिजवून, शिजवून घालतात. हुलगे म्हणजे कोकणातले कुळीथ, इथल्या कन्नडमधली हुरळी. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांची चंदी हीच. आमच्याकडे थंडीत त्याचंच माडगं होतं. एका सकाळी आमच्या आणि चंद्रीच्या घरून एकच वास येत होता. सौभाग्यवतींनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाल्या, ‘‘तिला तरी सांगा, कौतुक कर म्हणावं.’’

आणि फिरवणं. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचं उत्तर शाळकरी पोरही देतं. दिवसभर खुंट्याला बांधलेल्या घोड्याचं आतडंही बांधल्यासारखं होतं. चालतं घोडं, चालतं पोट. मामांनी चंद्रीला तळ्याभोवती फिरवताना बघून आमच्यातल्या एका रिटायर बँक मॅनेजरांनी विचारलं, ‘‘तिलाही डॉक्टरनी सांगितलंय का?’’ सांगितलं होतंच. फरक इतकाच की तिच्या वाटेत भज्यांचा गाडा लागत नव्हता.

उन्हाळ्यात तळं आटतं, गाळ उघडा पडतो आणि त्यावर विरळ गवत येतं. ते इतकं बुटकं की घोडं ओढतं तेव्हा मुळासकट येतं, मुळाला माती, मातीत वाळू. वाळू पोटात साचते, बाहेर यायचं नाव घेत नाही. साचली का ते बघायची रीत सोपी: लीद पाण्यात कालवायची, ढवळायची, थोडा वेळ ठेवायची, वाळू तळाला बसते. त्यासाठी काचेचं भांडं हवं. मामांनी आमच्याकडून काचेची बरणी नेली. मला वाटलं लिंबाचं लोणचं घालणार. दोन दिवसांनी ती धुऊन, उन्हात वाळवून, चकचकीत करून त्यांनी परत आणली आणि आनंदाने सांगितलं, ‘‘वैनी, तळाला कायबी न्हाई बगा, साफ हाय.’’ कशाच्या तळाला, असं वैनींनी विचारलं. तेव्हापासून ती बरणी मामांकडे कायमची आहे.

उन्हाळ्याची आठवण निघाली की मला धारवाडच्या किल्ल्याचा वेढा आठवतो. टिपूच्या सरदाराकडे किल्ला, बाहेर परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज आणि मदतीला कॅप्टन लिटलची इंग्रज पलटण. सप्टेंबर १७९० मध्ये वेढा बसला, एप्रिल १७९१ मध्ये किल्ला हाती आला. परतीचा पाऊस, थंडी, निम्मा उन्हाळा. इतिहासकार या काळात तोफा किती कमी पडल्या याची चर्चा करतात. मला काळजी लागते ती हजारो घोड्यांची. घोडदळाने सात महिने एका जागी बसायचं! ना फिरणं, ना नवं कुरण. आसपासच्या गावांतला कडबा किती दिवस पुरला असेल, आणि कोणत्या महिन्यात किती घोड्यांनी पोटाकडे वळून बघितलं असेल? केलगेरी किल्ल्यापासून फार लांब नाही. इथल्या एखाद्या शेतकऱ्याच्या गंजीवर पटवर्धनी घोड्याने तोंड मारलंच नसेल, असं मी तरी शपथेवर सांगणार नाही.

आज त्याच धारवाडात चाऱ्यावर संशोधन करणारं केंद्र आहे. झाशीच्या गवत आणि चारा संशोधन संस्थेची ही दक्षिणेकडची शाखा. कृषी विद्यापीठही आहे. त्यामुळे केलगेरीत सल्ल्याला तोटा नाही. कुणीतरी मामांना सुचवलं, संकरित हत्तीगवत लावा, ढिगाने येतं. ते गाई-म्हशींना उत्तम. पण त्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अडवून ठेवतं, आणि फक्त त्याच्यावरच ठेवलेल्या घोड्याची हाडं पोकळ होऊन तोंड सुजतं. नुसता कोंडा खाऊ घातला तरी तोच परिणाम. युरोपात पूर्वी पिठाच्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना हा रोग हमखास व्हायचा, कारण कोंडा फुकटचा. मामांना यातलं ऑक्झलेट माहीत नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की गवताच्या नावातच हत्ती आहे.

पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असे तीन ऋतू पुस्तकात. घोडीच्या पोटाच्या दृष्टीने चौथा आणि सर्वांत घातक ऋतू म्हणजे लग्नसराई. वरातीत प्रत्येकाला घोडीला काहीतरी भरवायचं असतं. नवरदेवाची मावशी पेढा, काका जिलबी, लहान पोरं खिशातली चॉकलेटं वेष्टनासकट. धारवाडात तर पेढ्याला नाही म्हणणं म्हणजे शहराचा अपमान. बँडच्या आवाजाने आधीच धास्तावलेलं जनावर, तीन तास तोंडात काडी नाही, पाणी नाही, जठरात आम्ल, आणि वरून साखर. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजोबांनी पुरणपोळी तुपासकट भरवली आणि ‘हिचा आशीर्वाद लागेल’ म्हणाले. तो आशीर्वाद मामांना पहाटे चारपर्यंत लागत होता. डॉक्टरांनी येऊन नाकातून नळी घातली, तेलाचा डोस दिला, आणि सकाळी सहाला चंद्रीने जेव्हा लीद टाकली तेव्हा मामांनी आमच्या दारावर थाप मारून ही बातमी दिली. नातू झाल्याची बातमी मला फोनवर मिळाली होती, तीही दुपारी.

नाही म्हणून लोक ऐकत नाहीत, हे मामांना ठाऊक. पाटी लावावी तर कन्नडमध्ये की मराठीत, यावरून वरात थांबायची. शेवटी त्यांनी उपाय काढला. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात तसलं काथ्याचं जाळीदार मुसकं त्यांनी चंद्रीला बसवलं. श्वास मोकळा, पेढा बाहेर. नुसतं मुसकं वाईट दिसेल म्हणून मामींनी त्याला हिरवी मखमल लावली, वर जरीची किनार, खाली मोत्यांच्या लडी, मधोमध आरसे. पहिल्याच लग्नात कुणी विचारलं हे काय. मामा म्हणाले, ‘‘मिरजेकडची रीत हाय रीऽ. खानदानी घरात घोडी उघड्या तोंडानं आणत न्हाईत.’’

गेल्या आठवड्यात मुलीकडचे एक गृहस्थ घोडी ठरवायला आले होते. भाडं पटलं, वेळ पटली, छत्री-चामरं पटली. जाता जाता दारातून वळून त्यांनी मामांना विचारलं, ‘‘आणि तोंडावरच्या त्या खानदानी झालरीचं वेगळं किती?’’ मामांनी क्षणभर चंद्रीकडे बघितलं आणि पाचशे सांगितले.